शिरेतून दिला जाणारा द्रव आणि शरीरातील जलसंतुलन

आजाऱ्याला ‘सलाईन लावले’ हे शब्द मराठी घरांत आता इतके रुळले आहेत की, त्या बाटलीत नेमके काय असते हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अशक्तपणा आला, अंग दुखू लागले, जेवण जाईनासे झाले, की रोगी आपण होऊन सलाईनची मागणी करतो आणि ती पुष्कळदा पुरविलीही जाते. वस्तुतः सामान्य लवणद्रावाच्या ५०० मि.लि. बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते; बाकी सर्व पाणी. शक्ती देणारे असे त्यात काहीही नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि तिच्यापासून मिळणारी उष्णता १०० कॅलरींच्या आत-बाहेर, म्हणजे फार तर अर्ध्या भाकरीइतकी भरते. बाटलीचा खरा उपयोग निराळा आहे. तो समजण्यासाठी शिरेत सोडलेला द्रव पुढे कोठे जातो, हे पाहावे लागते. परिचर्येच्या विद्यार्थ्यांना जे अनेक नियम पाठ करावे लागतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एकाच प्रश्नात आहे.

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांत मेदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे तो ५० टक्क्यांच्या जवळ येतो, तर नवजात अर्भकात ७५ टक्क्यांपर्यंत जातो. ६० किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाचे उदाहरण घेतल्यास त्याच्या शरीरात ३६ लिटर पाणी असते. त्यांपैकी २४ लिटर पेशींच्या आत व १२ लिटर पेशींच्या बाहेर. बाहेरच्या १२ लिटरांपैकी सुमारे ९ लिटर पेशींच्या भोवती, ऊतींच्या फटींतून पसरलेले असतात आणि रक्तवाहिन्यांतील रक्तद्रव म्हणून अवघे ३ लिटर उरतात. सुई ज्या कप्प्यात शिरते तो कप्पा सर्वांत लहान आहे, आणि हृदयाला पुढे ढकलण्यासाठी जे काही मिळते ते त्याच कप्प्यातून मिळते.

या कप्प्यांमधील भिंती एकसारख्या नाहीत. पेशीच्या पटलातून पाणी सहज जाते-येते. सोडियमला मात्र पेशी सतत बाहेर काढीत असते आणि पोटॅशियम आत ओढून घेत असते. म्हणून रक्तद्रवात सोडियम दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल व पोटॅशियम जेमतेम ३.५ ते ५ मिलिमोल, तर पेशीच्या आत पोटॅशियम १४०च्या आसपास, अशी उलट मांडणी आढळते. परासरणाच्या नियमानुसार जिकडे विरघळलेले कण अधिक तिकडे पाणी जाते. सोडियम पेशीबाहेर राहत असल्यामुळे ज्या द्रवात सोडियम पुरेसे आहे तो पेशीबाहेरच थांबतो; ज्यात ते नाही त्याचे पाणी पेशींत शिरते. दुसरी भिंत केशवाहिनीची. तिच्यातून पाणी व क्षार दोन्ही जातात, मोठ्या रेणूंची प्रथिने सहसा जात नाहीत. वाहिनीतील दाब द्रवाला बाहेर लोटतो व प्रथिनांचे आकर्षण त्याला आत धरून ठेवते, हा सिद्धान्त अर्नेस्ट स्टार्लिंग याने १८९६ मध्ये मांडला. वाहिनीच्या आतील अंगास असलेल्या शर्करामय अस्तराचा विचार करून अलीकडच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली असली, तरी त्याचा गाभा कायम आहे.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे बाटल्यांतील फरक उलगडतो. ०.९ टक्के लवणद्रावात सोडियम व क्लोराइड प्रत्येकी १५४ मिलिमोल असतात. त्याचा एक लिटर शिरेत सोडल्यास तो पेशीबाह्य भागात राहतो; पण त्या भागाचा चौथा हिस्साच रक्तद्रवाचा असल्यामुळे काही वेळानंतर वाहिन्यांत सुमारे २५० मि.लि. उरतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजची गोष्ट वेगळी. बाटलीत असेपर्यंत तो रक्ताशी समपरासरी असतो, म्हणूनच तो शिरेत निर्धोकपणे सोडता येतो. शरीरात गेल्यावर साखर जळून जाते व मागे केवळ पाणी राहते. हे पाणी तिन्ही कप्प्यांत त्यांच्या आकारमानाप्रमाणे वाटले जाते आणि एका लिटरपैकी वाहिन्यांत ८० मि.लि.च्या आसपास उरतात. रक्तस्रावाने वा जुलाबांनी नाडी बुडालेल्या रोग्यास डेक्स्ट्रोज देणे म्हणजे भरावयाच्या हौदाऐवजी शेजारच्या विहिरीत पाणी ओतणे होय. ‘समपरासरी’ हे विशेषण बाटलीस लागू पडते, तिच्या परिणामास नव्हे, हा भेद विद्यार्थ्यांच्या हातून वारंवार निसटतो.

‘सामान्य’ लवणद्राव हे नावही फसवेच आहे. रक्तातील क्लोराइड १००च्या आसपास असते, द्रावातील १५४. तो मोठ्या प्रमाणात दिल्यास रक्ताची आम्लता वाढते. रक्ताच्या अधिक जवळ जाणारा द्राव सापडला तो काहीसा योगायोगाने. लंडनमध्ये सिडनी रिंगर हा बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत असता, त्याच्या द्रावासाठी ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेल्याचे त्याच्या लक्षात आले. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावात हृदय लवकरच थांबे. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हेच त्याचे कारण, हे त्याने १८८३ मध्ये दाखवून दिले. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन याने त्यात सोडियम लॅक्टेट मिसळले. यकृत लॅक्टेटपासून बायकार्बोनेट तयार करते आणि आम्लता उतरते. रुग्णालयांत ‘आर.एल.’ म्हणून ओळखली जाणारी बाटली ती हीच. तिच्यात सोडियम १३० व पोटॅशियम ४ मिलिमोलच्या आसपास असते.

द्रव कोणता, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न तो किती व केव्हापर्यंत द्यावयाचा हा आहे, आणि या उपचाराच्या अगदी पहिल्या प्रयोगातच तो उभा राहिला होता. १८३१ मध्ये पटकीची साथ इंग्लंडात पोहोचली. सन्डरलंड येथे गेलेल्या विल्यम ओशॉनेसी या २२ वर्षांच्या डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झाल्याचे सिद्ध केले. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाला आणि हिंदुस्थानात तारायंत्र उभारण्याचे श्रेयही त्याच्याकडेच जाते.) त्याच्या निष्कर्षावरून लीथ येथील डॉक्टर टॉमस लॅटा याने मे १८३२ मध्ये मरणाच्या दारी पोहोचलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत मीठ व सोडा मिसळलेले पाणी सोडण्यास आरंभ केला. सुमारे अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर द्रव गेला. खोल गेलेले डोळे उजळले, नाडी परतली, बाई बोलू लागली. लॅटाने तिला रुग्णालयातील डॉक्टरच्या स्वाधीन केले व तो निघून गेला. थोड्याच वेळात उलट्या व जुलाब पुन्हा सुरू झाले. द्रव मात्र पुन्हा दिला गेला नाही. साडेपाच तासांनी तिचा अंत झाला.

निर्जंतुकीकरणाची कल्पना त्या काळी जन्मालाही आलेली नव्हती आणि लॅटाच्या पाण्यात मीठही रक्ताच्या मानाने कमी होते. परंतु त्या बाईचा मृत्यू या दोषांमुळे झाला असे म्हणता येत नाही. गेलेले भरून काढले गेले. जात असलेले मोजले गेले नाही. लॅटा स्वतः १८३३ मध्ये वारला आणि त्याची पद्धत कित्येक दशके बाजूस पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स याने अधिक मीठ असलेला द्राव वापरून पटकीचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले, तेव्हा तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ही दोन्ही अंगे स्वतंत्रपणे सांभाळली जातात. अत्यंत सुकलेल्या रोग्यास वजनाच्या दर किलोमागे १०० मि.लि. रिंगर लॅक्टेट द्यावयाचे असते. त्यापैकी ३० मि.लि. पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० पुढील अडीच तासांत. वर्षाच्या आतील बालकास हेच प्रमाण अनुक्रमे एक व पाच तासांत विभागून दिले जाते. ५० किलोच्या माणसास याप्रमाणे अर्ध्या तासात दीड लिटर जाणे आवश्यक ठरते. २० थेंबांचा एक मि.लि. धरला तर हा वेग मिनिटाला १,००० थेंबांचा होतो, म्हणजे येथे थेंब मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. नळीतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, हा भौतिकशास्त्रातील नियम या प्रसंगी रोग्याचा प्राण वाचवतो. बारीक सुईच्या टोकाशी बाटली कितीही उंच टांगली तरी जे साधत नाही, ते जाड व आखूड सुईने साधते. थेंबांचे गणित पुढच्या टप्प्याचे. एक लिटर द्रव आठ तासांत जाण्यासाठी २०,००० थेंब ४८० मिनिटांत वाटले की मिनिटाला सुमारे ४२ येतात.

जाणाऱ्या द्रवाचा हिशोब परिचारिकेच्या तक्त्यावर असतो, आणि रोग्याच्या खाटेपाशी ठेवल्या जाणाऱ्या कागदांत याच कागदाची सर्वाधिक हेळसांड होते. निरोगी प्रौढाची लघवी दिवसाला दीड लिटरच्या आसपास, शौचावाटे १०० ते २०० मि.लि., आणि त्वचा व श्वास यांतून नकळत जाणारे पाणी ८०० मि.लि. ते एक लिटर. शेवटची रक्कम कोणत्याच भांड्यात पडत नसल्याने तक्त्यावर येत नाही. ताप एका अंशाने वाढला की ती दहा टक्क्यांहून अधिक वाढते. नागपूरच्या मे महिन्यातील वॉर्डात घामाची भर पडून तिचा अंदाज पार कोलमडतो. आतडी बंद पडलेल्या रोग्याच्या पोटात साचलेले पाणी तर शरीरातच असते, परंतु रक्ताभिसरणाच्या दृष्टीने ते गेल्यात जमा. म्हणून तक्त्याच्या बेरजेवर विसंबून न राहता रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, तेवढ्याच वस्त्रांत घेतलेले वजन तिच्याशी ताडून पाहावे लागते. एका दिवसात एक किलो घटले तर तो जवळजवळ एक लिटर पाण्याचाच तोटा. मांस इतक्या लवकर झडत नाही. ताशी लघवी प्रौढात दर किलोमागे अर्धा मि.लि.च्या खाली गेली, तर बाटली चालू असूनही मूत्रपिंडांस पुरेसे रक्त पोहोचत नाही अशी शंका घेतली पाहिजे.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक असते. १९५७ मध्ये हॉलिडे व सेगार यांनी मुलांच्या दैनंदिन द्रवाचे सुटसुटीत सूत्र दिले. पहिल्या १० किलोंसाठी दर किलोमागे १०० मि.लि., पुढच्या १० किलोंसाठी ५० व त्यापुढे २०. हे प्रमाण आजही वापरात आहे. त्यांनी सुचविलेले अल्प सोडियम मात्र टिकले नाही. वेदना, शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा दाह अशा अवस्थांत शरीर लघवी रोखणारे संप्रेरक सोडत राहते. अशा मुलास कमी क्षाराचा द्रव दिला की पाणी पेशींत शिरते, मेंदू सुजतो आणि झटके येतात. असे मृत्यू नोंदले गेल्यानंतर, अमेरिकेतील बालरोग अकादमीने २०१८ मध्ये बहुतेक रुग्णालयीन मुलांसाठी समपरासरी द्रवच वापरण्याची शिफारस केली. केनिया, युगांडा व टांझानिया येथील ३,१४१ मुलांवरील जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने तर पुष्कळांना धक्का दिला. तीव्र ताप व मंदावलेले रक्ताभिसरण असलेल्या या मुलांना वेगाने द्रव दिला असता ४८ तासांतील मृत्यूंचे प्रमाण १०.५ टक्क्यांच्या आसपास, तर तसा न दिलेल्यांत ७.३ टक्के आढळले. जुलाबांनी सुकलेली मुले या अभ्यासातून वगळलेली होती, हे विसरता कामा नये. ज्याचे पाणी गेलेच नाही त्याला ते भरून देण्याची किंमत त्या आकड्यांत दिसते.

पोटॅशियमसंबंधी एकच गोष्ट सांगणे पुरे. १० मि.लि.च्या प्रचलित कुपीत ते २० मिलिमोल असते. ही कुपी थेट शिरेत रिती केल्यास हृदय थांबते. टांगलेल्या बाटलीत ती सोडून बाटली नीट हलवली नाही, तर जड द्राव तळाशी बसतो आणि पहिल्या काही मिनिटांत तोच रोग्याच्या शिरेत जातो. परिणाम वेगळा होत नाही.

शिरेची वाट नेहमीच अपरिहार्य असते असेही नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगाव येथील रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी बाटल्यांचा साठा अपुरा पडला. साखर व मीठ आतड्यांत एकमेकांच्या आधाराने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे प्रयोगशाळेत ठाऊक झाले होते. त्यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून ते रोग्यांच्या नातलगांकरवी पाजण्यास दिले. तेथील मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली राहिले. तेव्हापासून शिरेतील द्रवाचे काम नाडी परत आणण्यापुरते मर्यादित झाले आहे. रोगी गिळू लागला की बाटली चालू असतानाच तोंडावाटे क्षारपेय सुरू करावयाचे असते. त्याचे प्रमाण ताशी दर किलोमागे ५ मि.लि., म्हणजे ५० किलोच्या माणसास तासाला पाव लिटर. आणि पाजलेला प्रत्येक पेला, त्याचप्रमाणे उलटून पडलेलाही, त्याच तक्त्यावर लिहावयाचा असतो.