गल्ल्यावरून गव्हर्नरपदावर

स्टॅनफर्ड हे नाव आता आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. कुणाचा भाचा, कुणाची मुलगी त्या विद्यापीठात शिकत असते. पण ते उभारणारा लेलंड स्टॅनफर्ड एकेकाळी दुकान चालवत होता, हे मी सांगतो तेव्हा ऐकणारा चमकतो.

१८२४ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला लेलंड वकील झाला. विस्कॉन्सिनमध्ये आगीत कायद्याची पुस्तके जळाली आणि १८५२ मध्ये भावांमागोमाग त्याने कॅलिफोर्निया गाठले. तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती. सोने शोधणारे बरेच जण रिकाम्या हातांनी परतले. त्यांना शिधा आणि अवजारे विकणारे मात्र स्थिरावले. स्टॅनफर्ड त्यांपैकी एक.

१८५९ मध्ये तो गव्हर्नरपदाची निवडणूक हरला, १८६१ मध्ये जिंकला. त्याच वर्षी व्यापारी मित्रांच्या साथीने तो सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीचा अध्यक्षही झाला. म्हणजे मदत मागणारा तोच आणि राज्याचा प्रमुखही तोच! त्याच्या कारकिर्दीत कंपनीला साहाय्य देणारे कायदे झाले.

जानेवारी १८६२ मध्ये राजधानी साक्रामेंटो पुरात बुडाली होती. शपथविधीला तो होडीतून गेला. त्या दिवशीच्या भाषणात त्याने चिनी लोकांना हीन ठरवले आणि त्यांचे येणे रोखावे असे सांगितले. पुढे सिएरा नेवाडाचे कडे फोडायला मजूर मिळेनात, तेव्हा त्याच्याच कंपनीने हजारो चिनी मजूर घेतले. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना लिहिताना त्याने त्यांच्या कष्टाळूपणाची तारीफ केली. १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्यांच्या बरोबरीचे वेतन मागत संप केला. कंपनीने त्यांची रसद तोडली आणि आठवडाभरात संप मोडला.

१० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमोंटरी येथे पूर्व-पश्चिम रूळ जुळले. सोन्याचा खिळा ठोकण्याचा मान स्टॅनफर्डला मिळाला.

१८८४ मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा पंधराव्या वर्षी विषमज्वराने गेला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेले विद्यापीठ १८९१ मध्ये सुरू झाले. सुरुवातीला तिथे शिक्षण विनाशुल्क होते. पुत्रशोकातून झालेले हे दान मोठेच आहे. पण तो पैसा रेल्वेचा होता, हे विसरून चालणार नाही.

२०१२ मध्ये त्याच विद्यापीठातील संशोधकांनी या चिनी मजुरांचा इतिहास शोधायला घेतला. जेवणाची भांडी, पगाराच्या नोंदी सापडल्या. त्यांच्यापैकी कुणी स्वतः लिहिलेले पत्र मात्र त्यांच्या हाती लागले नाही.