देठापासून ताटापर्यंत

चैत्र सरत आला की घराघरांत आंब्याची पहिली पेटी येते. घरातील वडीलधारी व्यक्ती पेंढा बाजूला सारून एकेक फळ हातात घेते, देठाशी नाक नेऊन हुंगते, बोटांच्या पेरांनी अलगद चाचपते आणि निवड करते. तयार फळे एकीकडे, कच्ची पुन्हा पेंढ्यात आणि डाग पडलेली तिसरीकडे. मग ठरलेले वाक्य येते, ‘डागी आधी संपवू या, चांगली राहतील.’ दुसऱ्या दिवशी आणखी दोन फळांना डाग पडलेला असतो. त्या दिवशी ती संपवली जातात. हंगाम असाच सरतो. चांगला आंबा नातवंडांच्या ताटात जातो आणि ज्या हातांनी निवड केली, त्यांच्या वाट्याला बहुधा नासका भाग कापून उरलेली फोड येते.

या वाक्यामागे टंचाईचे दिवस पाहिलेल्या पिढीचा संस्कार आहे. अन्न टाकू नये ही शिकवण मोलाचीच आहे. परंतु सत्तरी ओलांडलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती तीस वर्षांपूर्वीसारखी नसते आणि नासलेल्या फळाची किंमत तिला अधिक मोजावी लागते. अन्न वाया न घालवण्याचा खरा मार्ग नासलेले खाणे हा नसून नासू न देणे हा आहे. त्यासाठी फळ झाडावरून उतरल्यापासून ताटात येईपर्यंत त्याचे काय होते, हे थोडे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

तोडल्यानंतरही श्वास चालूच

देठ तुटला म्हणून फळाचे किंवा भाजीचे जीवन संपत नाही. ती प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि साठवलेली शर्करा जाळून उष्णता निर्माण करते. फरक एवढाच की आता मुळांकडून पाणी आणि पानांकडून अन्न मिळणे बंद झालेले असते. शिल्लक पुंजीवर तिला दिवस काढायचे असतात. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की ही श्वसनाची गती दुप्पट ते तिप्पट होते. म्हणूनच सकाळी खुडलेली मेथी दुपारच्या उन्हात हातगाडीवर राहिली की संध्याकाळपर्यंत मान टाकते. पाणी शिंपडून ती पुन्हा टवटवीत दिसेलही. परंतु मधल्या काळात नष्ट झालेले क जीवनसत्त्व शिंपडलेल्या पाण्याने परत येत नाही. पालेभाजी सकाळच्या थंड वेळी घ्यावी आणि शक्यतो त्याच दिवशी शिजवावी, हा जुना रिवाज शास्त्राला धरूनच आहे.

फळांचे दोन मोठे गट आहेत. आंबा, केळे, पपई, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही फळे पूर्ण वाढ झाल्यावर तोडली तर नंतर पिकतात. त्यांच्यात इथिलीन नावाचा वायू नैसर्गिकरीत्या तयार होतो आणि तोच पिकण्याची क्रिया पुढे नेतो. द्राक्ष, डाळिंब, संत्रे, मोसंबी, अननस या फळांचे तसे नाही. ती तोडल्यानंतर अधिक गोड होत नाहीत. त्यामुळे आंबट द्राक्षे ‘दोन दिवस ठेवू, गोड होतील’ म्हणून आणू नयेत. दोन दिवसांनी ती केवळ सुकलेली आणि आंबटच असतील. कच्ची पपई मात्र निश्चिंत मनाने आणावी.

मधुमेह असलेल्यांनी याच संदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आंबा किंवा केळे पिकताना त्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते. तेच केळे घट्ट असताना आणि काळे ठिपके पडून मऊ झाल्यावर रक्तातील साखरेवर सारखाच परिणाम करत नाही. किती फळ खावे याबरोबरच ते किती पिकलेले आहे, याचाही विचार व्हायला हवा.

हापूसची काढणी

काढणीतील काळजी फळाच्या आयुष्यावर किती परिणाम करते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोकणातील हापूस. जाणता बागायतदार आंबा पूर्ण पिकण्याची वाट पाहत नाही. देठाजवळचे खांदे भरून वर आले आणि देठाशी किंचित खळगा पडला की फळ तयार झाले असे तो ओळखतो. पाण्यात सोडल्यावर तयार फळ बुडते, कोवळे तरंगते, ही आणखी एक साधी परीक्षा. कोवळा काढलेला आंबा पिकल्यासारखा दिसला तरी सुरकुततो आणि बेचव लागतो.

काठीने झोडपून पाडलेल्या आंब्याला वरून जखम दिसत नाही. आत मात्र मार बसलेला असतो आणि दोन-चार दिवसांनी तेथूनच तो सडू लागतो. यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ विकसित केला. लांब काठीच्या टोकाला पाते आणि जाळी असलेल्या या साधनाने फळ देठासह कापले जाते आणि अलगद जाळीत पडते. दोन-तीन सेंटिमीटर देठ राखण्यामागेही कारण आहे. देठ मुळापासून तुटला तर झणझणीत चीक सालीवर ओघळतो, साल भाजल्यासारखी काळी पडते आणि त्या जागी बुरशीला वाट मिळते. काढणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करून फळे लगेच सावलीत नेली जातात. हापूसच्या गरात पांढरट, आंबूस आणि स्पंजासारखा भाग निघतो, त्याला आपण साका म्हणतो. काढणीनंतर तापलेल्या जमिनीवर फळे पडून राहिली तर साक्याचे प्रमाण वाढते. बाहेरून तो ओळखू येत नाही. तो विषारी नसला तरी खाण्याजोगा नसतो. तेवढा भाग काढून टाकावा.

यानंतर भाताच्या पेंढ्यात आढी घातली जाते. पेंढा फळांना ऊब देतो, एकमेकांवर आदळू देत नाही आणि फळांतून सुटणारे इथिलीन काही प्रमाणात तेथेच राखतो. आपल्या घरातही पेटी आली की हीच पद्धत ठेवावी. फळे एका थरात, देठ खाली करून, हवा खेळेल अशा जागी मांडावीत. कच्चा आंबा शीतकपाटात ठेवू नये. साधारण बारा-तेरा अंशांखालच्या थंडीने त्याच्या पेशींना इजा होते आणि नंतर तो नीट पिकत नाही. पिकल्यावर मात्र दोन-चार दिवस थंड जागी ठेवण्यास हरकत नाही.

कार्बाइडचा धोका

निसर्गाच्या गतीने पिकू देण्याइतका धीर बाजाराला नेहमीच नसतो. मग कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या पेट्यांत ठेवल्या जातात. ओलावा लागताच त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो इथिलीनसारखे काम करतो. परंतु औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात आणि ते फळांच्या सालीपर्यंत पोहोचू शकतात. त्यामुळे चक्कर येणे, वारंवार तहान लागणे, उलट्या, अशक्तपणा, गिळताना त्रास अशी लक्षणे उद्भवू शकतात. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनुसार फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत परवानगी आहे. सुनियंत्रित पिकवणगृहांत तोच वापरला जातो. त्यामुळे ‘वायूने पिकवलेले’ प्रत्येक फळ घातक असते, असे समजून घाबरून जाऊ नये.

केवळ डोळ्यांनी कार्बाइड ओळखण्याची खात्रीची खूण नाही. तरीही सर्व फळे एकसारखी पिवळीधमक, वास जवळजवळ नाही आणि आतील गर मात्र कच्चा व आंबट, असे दिसल्यास सावध व्हावे. हंगामाआधी आलेला भरघोस रंगाचा आंबा टाळावा. सालीवर पांढरट भुकटी दिसली तर फळ घेऊ नये. कोणतेही फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे आणि आंबा सालासकट चोखण्याऐवजी साल काढून खावा. सर्वांत उत्तम म्हणजे कच्ची फळे आणून घरीच पिकवणे. सोबत एक-दोन पिकलेली केळी ठेवली तर त्यांच्या इथिलीनने आंबे लवकर तयार होतात.

घरातील वखार

शेतकऱ्याला कांदा कसा टिकवतात हे विचारले तर तो प्रथम सुकवण्याविषयी बोलेल. रब्बीचा कांदा काढणीला आला की पात पिवळी पडून माना आडव्या होतात. उपटलेला कांदा पातीसह शेतातच काही दिवस सुकवला जातो. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल अशी मांडणी असते, म्हणजे कांद्याला थेट ऊन लागत नाही. मान वाळून मिटली की रोगजंतूंचा प्रवेशमार्ग बंद होतो. मग तो खालून-वरून हवा खेळणाऱ्या चाळीत चार-पाच महिने राहू शकतो. आपणही साठवणीसाठी बारीक मानेचा, कोरड्या सालीचा कांदा निवडावा. जाड मानेचे आणि डेंगळे कांदे आधी वापरून टाकावेत. कांदा प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरतो. जाळीची टोपलीच त्याला मानवते.

कांदा आणि बटाटा मात्र शेजारी ठेवू नयेत. बटाट्यातून निघणाऱ्या ओलाव्याने कांदा सडतो. बटाट्याला अंधार लागतो. उजेडात तो हिरवा पडतो आणि तेव्हा त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढलेले असू शकते. उकडल्याने ते नष्ट होत नाही. हिरवा पडलेला, कडू लागणारा किंवा खूप मोड आलेला बटाटा टाकून द्यावा. बटाटे शीतकपाटातही ठेवू नयेत. थंडीत त्यातील पिष्टाची साखर होते. केळी आणि टोमॅटो यांनाही अति थंडी सोसत नाही. पालेभाज्या, गाजर, फ्लॉवर, कोबी यांना मात्र ती हवी असते. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि वापरण्यापूर्वी धुवावी.

ज्या घरी शीतकपाट नाही किंवा वीज वारंवार जाते, तेथे दोन मातीची भांडी उपयोगी पडतात. मोठ्या भांड्यात लहान भांडे ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी, ती ओली ठेवावी आणि वर ओले कापड टाकावे. बाष्पीभवनाने आतली हवा थंड राहते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून तयार केलेला ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ याच तत्त्वावर चालतो. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला साधतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा प्रभाव उरत नाही.

जिभेवर आणि नाकावर किती विसंबावे?

वयाबरोबर वासाची आणि चवीची जाणीव मंदावते. ज्या नाकाने आयुष्यभर नासके फळ दुरून ओळखले, ते नाक आता फसू शकते. म्हणून निर्णय केवळ वासावर सोपवू नये. मऊ फळावर बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून उरलेले खाणे योग्य नाही. बुरशीचे धागे आणि त्यांची विषे डोळ्यांना दिसतात त्याहून खोलवर गेलेली असतात. गाजर किंवा कोबीसारख्या घट्ट भाजीत मात्र डागाभोवतीचा अडीच सेंटिमीटर भाग सोडून कापले तर उरलेली वापरता येते.

कलिंगड, खरबूज कापण्यापूर्वी अखंड असतानाच धुवावे, कारण सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात. कापलेले फळ दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरात, शीतकपाटात ठेवावे किंवा संपवावे. रस्त्यावर कापून ठेवलेल्या फोडी ज्येष्ठांनी टाळणेच हिताचे.

दुधीच्या रसाबाबत विशेष सावधगिरी हवी. अनेक ज्येष्ठ मंडळी मधुमेह वा रक्तदाबासाठी सकाळी तो घेतात. दुधीत कधी कधी कुकुरबिटासिन हे अतिशय कडू आणि विषारी द्रव्य वाढते. अशा रसाने तीव्र पोटदुखी, उलट्या, रक्तस्राव आणि क्वचित मृत्यूही ओढवल्याच्या घटना घडल्या आहेत. कडू लागलेला रस मुळीच पिऊ नये, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा सल्ला आहे. ‘कडू औषध गुणकारी’ ही समजूत येथे जीवघेणी ठरू शकते. रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहावा आणि तो शक्यतो घरातील तरुण व्यक्तीने चाखावा. किंचितही कडू लागल्यास थुंकून टाकून दुधी फेकून द्यावा. कडू रस पोटात गेल्यावर त्रास सुरू झाला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

निवडणारे हात

शुश्रूषा करणाऱ्यांना आता एक विनंती. आजी-आजोबांच्या हातातून डागी फळ हिसकावून कचऱ्यात टाकू नये. त्याने मन दुखावते आणि सवयही सुटत नाही. त्याऐवजी फळे थोडी आणि वारंवार आणावीत. कच्ची, अर्धपक्व आणि तयार अशी सरमिसळ घेतली तर एकाच दिवशी सगळी पिकून बसत नाहीत. रोज सकाळी टोपली तपासण्याचे काम त्यांच्याकडेच असू द्यावे. ज्यांच्या बोटांना फळाचा स्पर्श वर्षानुवर्षे कळत आला आहे, त्यांच्याइतका जाणकार घरात दुसरा नसतो; नाक-डोळ्यांच्या साथीला आपण बसावे, इतकेच. खरोखर नासलेले जे असेल ते कुंडीतल्या मातीत जाऊ द्यावे. ‘वाया गेले’ ही बोच त्याने कमी होते.

आणि नियम एकच बदलावा. ‘डागी आधी’ऐवजी ‘तयार आधी’. जे फळ आज उत्तम पिकले आहे, ते आजच कापावे आणि त्याची पहिली फोड निवडणाऱ्या हातांत ठेवावी. बागेतल्या झेल्यापासून पेंढ्याच्या आढीपर्यंत इतक्या जणांनी ते फळ जपले, ते उत्तम स्थितीत कोणाच्या तरी मुखी लागावे म्हणूनच. त्यात घरातील ज्येष्ठही आहेतच.