विहिरीचा पाझर आणि दीर्घिका

मंडळी, पुणतांब्यात काय किंवा गोदाकाठच्या दुसऱ्या गावात काय, वैशाखातली विहीर कशी वागते हे तुम्हांला मी सांगायला नको. पहाटे मोटार लावावी, दुपारी तळ दिसावा, मग पाझराची वाट पाहत बसावे. उपसा आणि पाझर यांचा मेळ बसला तर मळा हिरवा. एवढे ध्यानात ठेवा.

त्याच वैशाखी अमावास्येला मध्यरात्रीनंतर नदीच्या घाटावर गेलात, तर दक्षिणेकडून वर चढलेला दुधट पट्टा दिसेल. ती आपली आकाशगंगा. अब्जावधी ताऱ्यांच्या अशा वस्तीला दीर्घिका म्हणतात. तारे घडतात थंड वायूपासून, मुख्यतः हायड्रोजनपासून. म्हणजे तारे हे पीक, अन् वायू हे पाणी. मग विहिरीत पाणी होते तरी किती?

याचा शोध लागला तो आपल्या शेजारीच. संगमनेरवरून पुण्याला जाताना नारायणगाव लागते. तिथून जवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आपला रेडिओ स्टेशन पकडतो, तशी ही हायड्रोजनची लहर पकडते. मूळ लहर २१ सेंटिमीटरची. विश्व प्रसरण पावते, म्हणून दुरून येताना ती ताणली जाते. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लहर इतकी क्षीण, की एकट्या दीर्घिकेची ऐकूच येईना. तेव्हा शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकत्र मिळवल्या. एका पोराचा आवाज पोचत नाही, पण सारी शाळा प्रार्थना म्हणू लागली की वेशीपर्यंत ऐकू येते, तसेच हे. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वायू भरपूर होता, पण तारे इतक्या झपाट्याने बनत होते की एक-दोन अब्ज वर्षांत तो आटावा. पाझर पुरा पडला नाही. ऐन भराच्या मानाने आज विश्वात ताऱ्यांची पैदास सुमारे दहावा हिस्साच उरली आहे.

हा पाझर येतो कुठून? दीर्घिका एकेकट्या नसतात. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे एक अफाट जाळे आहे. ओढे गोदेला मिळतात तसा त्याच्या धाग्यांवरून वायू वाहत येतो, आणि धागे जुळतात तिथे दीर्घिकांचे थवे जमतात. अशाच एका महासमूहाचा शोध पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी २०१७ च्या जुलैत जाहीर केला. नाव ठेवले सरस्वती. अंतर ४ अब्ज प्रकाशवर्षे, पसारा ६० कोटी. (जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप उठला होता, त्या धामधुमीत ही बातमी कुणी वाचली असेल!)

गंमत अशी, की गर्दीच्या ठिकाणी सुकाळ नसतो. तिथला वायू अतितप्त असतो, तो तारे घडवीत नाही. शिवाय गर्दीत शिरणाऱ्या दीर्घिकेचा स्वतःचा वायूही ओरबाडला जातो. म्हणून तिथल्या पुष्कळ दीर्घिका लालसर, वयस्क ताऱ्यांच्याच.

गुरुजींनी कार्तिकात, चांदणे नसताना, रात्री आठ-नऊला मुलांना शेतावर न्यावे. भाद्रपदाच्या चौकोनाच्या ईशान्येला कापसाच्या बोंडासारखा अंधुक ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवरची आपली मोठी शेजारीण. सरळ पाहिले तर हुकते. नजर जरा बाजूला ठेवायला सांगा.