डब्यावर न छापलेला आकडा

थंडी सुरू झाली आणि भिगवणला पाहुणे पक्षी उतरू लागले, की नव्याने पक्षी बघू लागलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास फिरतो. डीएसएलआर आणि तिची भलीमोठी लेन्स परवडत नाही, मोबाइलमध्ये फ्लेमिंगो म्हणजे नुसता गुलाबी ठिपका. मग निकॉनचा कूलपिक्स पी९५० घ्यावा की कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७० एचएस? पहिला २०२० साली आला, दुसरा २०१८ साली. दोन्हींची लेन्स अंगालाच जोडलेली, दोन्हींत सेन्सर एकाच मापाचा आणि करंगळीच्या नखापेक्षा लहान. सल्ला द्यायला दहा जण तयार असतात, आणि दहांपैकी नऊ जण डब्यावरचे आकडे वाचून दाखवतात. त्या आकड्यांत खोटं काही नाही. फक्त फांदीवरचा खंड्या कसा येईल, हे त्यांतून कळत नाही.

‘८३एक्स म्हणजे ८३ पट जवळ’

झूमचा ‘एक्स’ हा साधा भागाकार आहे. लेन्सच्या लांब टोकाला आखूड टोकाने भागायचं. ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात पी९५०ची लेन्स २४ ते २००० मिमी आहे, म्हणून ८३. एसएक्स७०ची २१ ते १३६५, म्हणून ६५. कॅननने आखूड टोक २४ला थांबवलं असतं, तर हाच कॅमेरा ५७एक्स म्हणून विकावा लागला असता. पक्षी मात्र तेवढाच दिसला असता. तेव्हा एक्स विसरा, लांब टोकाचे मिलिमीटर बघा. ५० मिमीला साधारण डोळ्यांना दिसतं तसं चित्र मिळतं असं धरलं, तर २००० मिमी म्हणजे ४० पट आणि १३६५ म्हणजे २७ पट.

आखूड टोकही कमी महत्त्वाचं नाही. २१ आणि २४ हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण वाड्याच्या चौकात किंवा देवळाच्या सभामंडपात पाठ भिंतीला टेकली की कळतो. तिथे कॅनन सरस. पक्ष्यांसाठी घेतलेला कॅमेरा वर्षातले बरेच दिवस घरच्या कार्यातच फिरतो, हेही लक्षात असू द्यावं.

‘कॅननमध्ये २० मेगापिक्सेल, निकॉनमध्ये १६च’

इथे जरा थांबू, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

या सेन्सरला १/२.३ इंची म्हणतात. हे माप टीव्ही कॅमेऱ्यांतल्या जुन्या काचनळ्यांच्या हिशेबातलं. प्रत्यक्षात सेन्सर सुमारे ६.२ मिमी रुंद आणि ४.६ मिमी उंच असतो. फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या तीसपट. एवढ्याशा जागेत १६० लाख पिक्सेल बसवले, की एकेक पिक्सेल जेमतेम १.३ मायक्रॉनचा होतो. २०० लाख बसवले, तर १.२ मायक्रॉनचा.

आता प्रकाशाचा स्वभाव बघा. लेन्स कितीही निर्दोष असली तरी प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून उमटत नाही, बारीक चकती म्हणून उमटतो. जॉर्ज एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १८३५ साली याचं गणित मांडलं. ही चकती किती मोठी, हे लेन्सच्या एफ-क्रमांकावर ठरतं. दोन्ही कॅमेरे पूर्ण झूमला एफ/६.५वर येतात आणि तिथे चकतीचा व्यास साडेआठ मायक्रॉनच्या वर जातो. म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यातला चमकीचा एक बिंदू निकॉनच्या सहा-साडेसहा पिक्सेलांवर पसरतो, कॅननच्या सातेक पिक्सेलांवर. जास्तीच्या ४० लाख पिक्सेलांना टिपायला नवं काही उरतच नाही. तीच चकती ते जरा जास्त बारकाईने रंगवतात. रुंद टोकाला, भर उन्हात, १६ आणि २० मध्ये थोडा फरक पडेल. पण त्यासाठी कोणी सुपरझूम घेत नाही.

यातून आणखी एका समजुतीचा निकाल लागतो: ‘कॅननचा फोटो कापून मोठा करू, निकॉनएवढाच होईल.’ १३६५ मिमीचं चित्र २००० मिमीएवढं दिसावं म्हणून कापलं, तर २० मेगापिक्सेलांतले साडेनऊच्या आसपास उरतात. छापायला तेवढे पुरे आहेत. पण त्यांत तपशील किती, ते पिक्सेल ठरवत नाहीत.

मग कोण ठरवतं?

दुकानात दोन्ही कॅमेरे हातात घ्या आणि लेन्सच्या तोंडाशी कडेवर काय छापलंय ते वाचा. निकॉनवर ४.३–३५७ मिमी, १:२.८–६.५ असं आहे. कॅननवर ३.८–२४७ मिमी, १:३.४–६.५. हे लेन्सचं खरं माप; २००० आणि १३६५ हे हिशेबाचे आकडे. आता लांब टोकाच्या खऱ्या मापाला शेवटच्या एफ-क्रमांकाने भागा. ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी. २४७ भागिले ६.५, म्हणजे ३८ मिमी. लेन्स प्रकाश आत घेते त्या तोंडाचा हा व्यास. कुठल्याही डब्यावर तो छापत नाहीत.

पाऊस सारखाच पडतो, पण परातीत जमतं तेवढं पाणी तांब्यात जमत नाही. समोरच्या त्याच पक्ष्याकडून निकॉन कॅननच्या दुपटीहून थोडा जास्त प्रकाश गोळा करतो, कारण व्यासाचा वर्ग धरावा लागतो. आणि किती बारीक रेषा वेगळ्या दिसतील, तेही याच व्यासावर ठरतं. दोन्हींवर एफ/६.५ छापलंय म्हणून ‘पूर्ण झूमला दोन्ही सारखेच’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हीच गोष्ट सुटते.

हाच भागाकार डीएसएलआरलाही लावून बघा. ७०–३०० मिमीची नेहमीची लेन्स ३०० मिमीला एफ/५.६ असते, म्हणजे ५४ मिमी. पी९५०एवढीच! डीएसएलआर घेतली म्हणजे आपोआप लांबचं चांगलं येईल, हा समज इथे गळून पडतो. तिचा फोकस वेगवान असतो, उडता पक्षी ती जास्त भरवशाने पकडते, जवळच्या विषयांत तिला तोड नाही. पण लांबवर बसलेल्या पक्ष्यासाठी खरी उडी मारायची तर ४००, ६०० मिमीच्या लेन्सकडेच जावं लागतं.

आता निकॉनच घ्यावा का? त्याचं वजन बघा: बॅटरीसकट एक किलोच्या आसपास. कॅनन ६१० ग्रॅमचा. मोठी काच फुकट येत नाही, आणि गड चढताना चारशे ग्रॅम मानेला जाणवतात. निकॉनचाच पी१००० तर ३००० मिमीपर्यंत जातो आणि चौदाशे ग्रॅमच्या वर भरतो. तोंड ६७ मिमीचं, पण लांब टोकाला एफ/८. पक्षी फ्रेममध्ये मोठा दिसतो खरा. तो फ्रेममध्ये आणायलाच घाम फुटतो.

यावर दोन्ही कंपन्यांनी चांगली सोय केली आहे. एक बटण दाबून धरलं की झूम मागे येतो, हरवलेला वेडा राघू तारेवर पुन्हा सापडतो, बटण सोडलं की झूम होता तिथे परत जातो. घेण्याआधी हे बटण चारदा दाबून बघा. अंगठा न शोधता तिथे पोचतो का, याला मी मेगापिक्सेलपेक्षा जास्त गुण देईन.

‘स्टॅबिलायझर आहे, मग फोटो हलणार नाही’

आपला हात हलला तर तो सावरतो. पक्षी हलला तर काही करू शकत नाही. निकॉन साडेपाच स्टॉपचा दावा करतो, कॅनन पाचचा; या अर्ध्या स्टॉपवर वाद घालू नये. सकाळी सातला दाट झाडीत, एफ/६.५वर, मान वळवणाऱ्या पिंगळ्यासाठी १/४०० सेकंद हवा असेल, तर आयएसओ १६००च्या आसपास न्यावा लागतो. तिथे हे सेन्सर पिसांचा चिखल करतात. निकॉन ६४००पर्यंत जातो आणि कॅनन ३२००पर्यंत, ही तुलना त्यामुळे निरर्थक आहे. दोन्ही रॉ फाइल देतात, ती घ्यावी. जेपीईजीमध्ये कॅमेरा डाग पुसता पुसता पिसंही पुसतो.

‘झूम आहे तर होडी जवळ कशाला न्यायची?’

भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर ऊन चढलं की हवा थरथरू लागते. गरम-गार हवेचे थर प्रकाश वाकवतात आणि दूरचा फ्लेमिंगो पाण्याखाली असल्यासारखा लहरतो. यावर कुठल्याही लेन्सकडे इलाज नाही. २००० मिमीला तर हा दोष आणखी मोठा होऊन दिसतो. कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात परत आणणारे यातलेच. दुकानाच्या दारातून समोरच्या तापलेल्या पत्र्यापलीकडच्या पाटीवर दुपारी दोनला झूम तपासणं, ही कॅमेऱ्याची नाही, हवेची परीक्षा झाली.

चंद्र त्यापेक्षा चांगला परीक्षक. तो फ्रेमच्या उंचीचा सुमारे ७० टक्के भाग पी९५०मध्ये व्यापतो, एसएक्स७०मध्ये निम्मा, आणि पी१०००मध्ये तर मावतच नाही. पण अशा कॅमेऱ्याने चंद्रावरचा झेंडाही दिसेल असं कोणी सांगितलं, तर ५५ मिमीचं गणित आठवा: तेवढ्या तोंडातून चंद्रावरच्या साडेचार-पाच किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. पी९५०चा थोरला भाऊ पी९०० तर पृथ्वी सपाट मानणाऱ्यांचा लाडका. क्षितिजावर ‘बुडालेलं’ जहाज झूमने परत वर येतं, असे व्हिडिओ त्यांनी त्यावर काढले. ते जहाज बुडालेलं नसतंच. डोळ्यांना दिसत नाही इतकं लहान झालेलं असतं. खरोखर क्षितिजाखाली गेलेला तळ कुठलाही झूम वर काढत नाही.

हा पी९०० जुन्या बाजारात अजूनही मिळतो. लेन्सचं माप पी९५०चंच, पण रॉ नाही, ४के व्हिडिओ नाही आणि डोळ्याला लावायची खिडकी बरीच भुरकट. भाव चांगला असेल तर घेण्यासारखा आहे. घेताना झूम पूर्ण बाहेर काढून आत न्या. नळी एकसारखी सरकली पाहिजे, मध्ये करकर नको. या कॅमेऱ्यांना पावसा-धुळीपासून संरक्षण नाही आणि नळी आत-बाहेर करताना धूळ आत ओढली जाते. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग बघा. शेवटी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून काचेत डोकवा. कोकणात, मुंबईत दोन पावसाळे बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये जाळीसारखी बुरशी दिसू शकते. ती दिसली तर मालकाने भाव निम्म्यावर आणला तरी नको म्हणा, कारण इथे लेन्स बदलायची सोय नाही.