जमिनीवरून उठताना

अंगणवाडीत खिचडी खाऊन झाली की पोरं टुणकन उठून पळतात. एखादं पोर मात्र आधी पालथं होतं, दोन्ही हात जमिनीला टेकतं, ढुंगण वर काढतं आणि मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर सरकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. पोटऱ्या टणक, फुगीर. घरचे म्हणतात, पैलवान आहे, जरा आळशी एवढंच. पण ही ड्यूशेनची खूण असू शकते. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं मेडशी काय किंवा मुंबईचं माटुंगा काय, ड्यूशेन हा स्नायूंचा आजार गाव बघून येत नाही. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. अशा उठण्याचं वर्णन लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये केलं आणि डॉक्टर आजही त्यांचंच नाव घेतात.

पण उठण्याचे प्रकारही अनेक. मुंबईचे मेंदू व मज्जासंस्थातज्ज्ञ डॉ. सतीश खाडिलकर यांचं संशोधन वाचताना हे फार जाणवतं. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात, पुढे बॉम्बे हॉस्पिटलमध्ये त्यांनी स्नायुविकारांचे रुग्ण वर्षानुवर्षं तपासले. सार्कोग्लायकन नावाची प्रथिनं बिघडली की होणारा आजार वरवर ड्यूशेनसारखाच दिसतो, पण तो मुलींनाही होतो. हे रुग्ण उठताना मांड्या एकमेकींपासून दूर फाकवतात, हे खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००१ मध्ये नोंदवलं. मांडी आत ओढणारे स्नायू लवकर थकतात, बाहेर नेणारे त्या मानानं शाबूत राहतात. म्हणून पाय फाकतात. पुढच्याच वर्षी अशा २५ रुग्णांचा अहवाल ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त आला. ज्या देशात माणसं जेवायला, भजनाला, पंचायतीला जमिनीवरच बसतात, तिथल्या डॉक्टराला ही खूण दिसावी यात मला नवल वाटत नाही.

मग जनुकांची पाळी आली. उत्तर आफ्रिकेतल्या रुग्णांत आढळणारा गॅमा-सार्कोग्लायकन जनुकातला एक दोष मुंबई परिसरातल्या रुग्णांतही वारंवार सापडतो, हे २००९ मध्ये छापून आलं. अगरवाल समाजातल्या, स्नायुविकारच घडवणाऱ्या कॅल्पेन जनुकाच्या दोषांचा माग २०१३ च्या लेखात थेट पूर्वजांपर्यंत नेलेला आहे. २०१७ चा लेख तर कादंबरीच्या तोडीचा: मूळच्या राजस्थानी कुटुंबांतला एक दोष युरोपातल्या रोमा लोकांशी जुळला! हजारेक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेल्यांची वाट स्नायूंत शिल्लक होती. यात रोगनिदानाचा रोकडा फायदाही आहे. कोणत्या समाजात कोणता दोष जास्त, हे कळलं की नेमकी चाचणी आधी करता येते. पैसा आणि वर्षं दोन्ही वाचतात.

ड्यूशेनमध्ये बिघडणारं डिस्ट्रॉफिन हे माणसाच्या शरीरातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, ७९ तुकड्यांचं. त्यातला कोणता तुकडा गळाला आणि आई वाहक आहे का, हे शोधण्याची पद्धत रश्ना दस्तूर, प्रज्ञा गायतोंडे आणि खाडिलकर यांच्या गटानं २०११ मध्ये पश्चिम भारतातल्या कुटुंबांवर वापरून दाखवली. इथे एक सांगायलाच हवं: सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानं घडलेला असतो, आईकडून आलेला नसतो. आणि आला असला तरी तो काही तिनं हौसेनं दिलेला नाही. सुनेला माहेरी धाडणाऱ्यांनी हे वाचावं.

गावाकडची नेहमीची चूक वेगळीच. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं दिसतं आणि पोराला काविळीची औषधं सुरू होतात. ही द्रव्यं यकृताप्रमाणेच झिजणाऱ्या स्नायूंतूनही रक्तात येतात. त्याच रक्तातून सीपीके हे स्नायूंतलं द्रव्य तपासलं, तर ड्यूशेनमध्ये ते कित्येक पटींनी वाढलेलं दिसतं.

ड्यूशेन मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. पण स्टेरॉइडनं चालणं काही वर्षं टिकतं, व्यायामानं सांधे आखडणं लांबतं, हृदयावर लक्ष ठेवता येतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे प्रमाणपत्र मिळतं. दुर्मिळ आजारांसाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच, २०२४ पासून वाशीमलाही आहे.

तेव्हा अंगणवाडीताई, आशाताई, गुरुजी: तीन वर्षांचं पोर मांड्यांवर हात टेकून उठत असेल, जिना चढताना मागे पडत असेल, तर ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणू नका. सीपीके करायला सांगा, आणि आईला पुन्हा दिवस जाण्याआधी जनुकचाचणीचा अहवाल हातात येईल असं बघा.