मिठाचं पोतं, नायट्राइटचं पोतं

भिवंडीतून बाहेर पडतं ते बहुतेक कोरं कापड, व्यापाऱ्यांच्या भाषेत 'ग्रे'. तरी साईझिंग आणि डाईंगचे कारखाने शहरात आणि आसपास आहेतच. सुतावर रिॲक्टिव्ह रंग चढायला मीठ हवं, म्हणून डाईंगमध्ये मिठाची पोती लागतात. नॅप्थॉलचा लाल किंवा मरून काढायचा असेल तर आणखी एक पोतं येतं, सोडियम नायट्राइटचं. बर्फाच्या पाण्यात ॲसिड, 'बेस' आणि नायट्राइट एकत्र करायचं, त्यातून नॅप्थॉल प्यायलेलं कापड फिरवायचं. डोळ्यांदेखत रंग उमटतो. दोन्ही पोत्यांतला माल पांढरा, दाणेदार, खारट. नायट्राइटला किंचित पिवळसर झाक असते खरी, पण शेडमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ती कुणाला कळणार?

'मिठासारखंच तर आहे, पोटात गेलं तर फार तर उलटी होईल' हा समज जीवघेणा आहे. १९४४ साली न्यूयॉर्कच्या एका खाणावळीत मिठाच्या जागी सोडियम नायट्राइट वापरलं गेलं. सकाळची लापशी खाऊन अकरा माणसं निळी पडली, त्यांतला एक दगावला. दुखणं पोटाचं नव्हतं, बिघाड रक्तात होता.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात. फुप्फुसात प्राणवायू त्यांना चिकटतो आणि पेशींपाशी उतरतो. नायट्राइट या लोहाचा एक इलेक्ट्रॉन हिरावून घेतं. लोखंड गंजल्यावर लोहाची जी अवस्था होते तीच ही, रंगही तसाच तपकिरी. अशा हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन म्हणतात, आणि त्याला प्राणवायू धरता येत नाही. शिवाय चौघांतला एक बिघडला की उरलेले तिघे आपल्याजवळचा प्राणवायू गच्च धरून बसतात, सोडायला तयार होत नाहीत. म्हणजे नुकसान दिसतं त्याहून मोठं असतं.

'हिमोग्लोबिन चौदा आहे, मग रक्त चांगलंच आहे' असंही ऐकू येतं. पण नेहमीच्या तपासणीत हे निकामी झालेलं हिमोग्लोबिनही त्या चौदात मोजलं जातं. हजेरीपटावर नाव आहे, माणूस मात्र कामाचा नाही, असा प्रकार.

थोडं मेटहिमोग्लोबिन, साधारण एक टक्का, आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं. ते पुन्हा कामावर आणणारं एन्झाइम लाल पेशीत असतं. काही महिन्यांच्या बाळात मात्र त्याची ताकद मोठ्या माणसाच्या निम्मीच असते. म्हणून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर धोका आधी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला, कारण पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवलं जातं आणि शरीरातले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. 'पाणी उकळलंय ना, मग काळजी नाही' हे इथे उलटं पडतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते दाटच होतं.

इतकं वाचून कुणी पालक-बीटही ताटातून हद्दपार करील. नको. भाज्यांतल्या नायट्रेटचं थोडं नायट्राइट आपल्या जिभेवरचे जंतूच करतात, आणि निरोगी मोठ्या माणसाला ते बाधत नाही. उलट, ज्या हिमोग्लोबिनने प्राणवायू उतरवून ठेवला आहे ते नायट्राइटशी वेगळं वागतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर काढतं. या वायूने रक्तवाहिन्या सैल होतात. जिथे प्राणवायू कमी तिथे वाट रुंद, अशी ही सोय असावी असं २००३ साली अमेरिकेत निरोगी माणसांच्या हातात नायट्राइट सोडून केलेल्या प्रयोगावरून पुढे आलं. अडचण एकच: हा वायू तयार होतो तो हिमोग्लोबिनच्याच गर्दीत, आणि हिमोग्लोबिन त्याला गिळंकृत करण्यात पटाईत. मग तो पेशीबाहेर निसटतो कसा, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे दाताच्या डॉक्टरकडचा हसवणारा वायू नव्हे. तो नायट्रस ऑक्साइड. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड स्वतः बनवतं. १९९८चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला मिळालं, आणि छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच वायूच्या जोरावर काम करते. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन या वायूला गाठून त्याचं नायट्रेट करून टाकतं. एरवी लाल पेशीच्या भिंतीआड हिमोग्लोबिन कोंडलेलं असतं म्हणून निभावतं. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांतही आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोकळं सुटतं, वायू फस्त करतं आणि रक्तवाहिन्या आवळतात.

आता पुन्हा नायट्राइटच्या विषबाधेकडे, आणि शेवटच्या समजाकडे: 'निळा पडलाय ना, ऑक्सिजन लावा, होईल ठीक.' ऑक्सिजन लावतातच, पण नुसत्याने भागत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी पंच्याऐंशीच्या आसपास अडून बसतं. सुईने काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून हवेत ठेवला तरी लाल होत नाही. म्हणूनच दवाखान्यात नेताना पोत्यावरचं नाव, नाहीतर लेबलचा फोटो, सोबत हवा.

उतारा आहे मेथिलीन ब्लू. १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी ते बनवलं, कापड रंगवायला! शिरेतून हळूहळू दिलं की ते लोहाला हरवलेला इलेक्ट्रॉन परत मिळवून देतं. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना मात्र ते देत नाहीत, त्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. बाकीच्यांच्या ओठांवर बहुतेकदा तासाभरात गुलाबी छटा परतते. लघवी मात्र काही काळ हिरवी-निळी होते, आणि नातेवाईक त्यालाच जास्त घाबरतात.