अठरा पूर्ण, पुढे काय?

मतिमंद मुलांच्या शाळेतली पालकसभा संपली, की काही आया मुद्दाम मागे रेंगाळतात. बाकीचे पांगले, की हळूच विचारतात, ‘‘बाई, आमच्या मांगं याचं कसं होईन?’’ बुलडाणा जिल्ह्यात अशा मुलांना शिकवण्यात माझी वीसेक वर्षे गेली. चिखलीच्या नोकरदाराची बायको असो, की नांदुऱ्याकडची कोरडवाहू शेतकरीण, प्रश्न हाच आणि विचारताना आवाज खाली जातो तोही तसाच. आता कायदा ‘बौद्धिक अक्षम’ म्हणतो. जुना शब्द गेला हे बरेच झाले, पण या माउलीला त्याने काही उत्तर मिळत नाही.

1995 साली अपंगांसाठी कायदा झाला, 2016 साली त्याजागी नवा, अधिक व्यापक कायदा आला. त्यात सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे अठराव्या वर्षी शाळेचा आधार संपतो. शाळेत रोज स्वतःचा डबा धुऊन ठेवणारा, घंटा झाली की सतरंज्या घालणारा मुलगा घरी गेल्यावर वर्षभरात बाजेवर बसून राहिलेला मी पाहिला आहे. त्याच्यावर कोणाचे प्रेम नव्हते म्हणून नव्हे. उलट आई आंघोळ घालायची, बहीण ताट वाढून हातात द्यायची, आजी घास भरवायची. ‘‘त्याला नाही जमत, बाई.’’ जे जमत होते ते असे मायेपोटी हातातून निसटते.

म्हणून माझे मत झाले आहे, की मोठेपणाची तयारी अठराव्या वर्षी नव्हे, बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू व्हायला हवी आणि ती वर्गाबाहेर व्हायला हवी. प्लास्टिकची नाणी मोजायला शिकलेले मूल आठवडी बाजारात भाजीवालीसमोर गोंधळते. त्यापेक्षा बाजारातच न्यावे. दहाची नोट द्यायची, कोथिंबीर घ्यायची, उरलेले पैसे परत मागायचे. चार बाजार चुकेल, पाचव्याला मागेल. एसटीची पाटी वाचता येत नसली, तरी आपला थांबा कोणत्या पुलानंतर येतो हे कित्येकांना पक्के कळते. मुलींना पाळीचे सगळे स्वतः करता येणे, मुलांना आपल्या शरीरातला बदल समजणे, आणि कोणी नको तिथे हात लावला तर मोठ्याने ‘नाही’ म्हणून घरी सांगणे, हेही शिकवावे लागते. आपल्या घरांतून यावर कोणी बोलत नाही. पण ज्या मुलाला आपली तक्रार नीट मांडता येत नाही, त्याच्याच बाबतीत ते सर्वांत आधी बोलायला हवे.

रोजगाराचे म्हणाल, तर पणत्या रंगवणे आणि कागदी पाकिटे करणे यांचा मला आता कंटाळा आला आहे. दिवाळीत लोक दयेने दोन डझन घेतात आणि वर्षभर विसरतात. आपल्या भागात दालमिल आहेत, शेळ्या आहेत, किराणा दुकाने आहेत, शेगावला भाविकांची वर्दळ आहे. गावात जे काम रोज लागते तेच शिकवावे. माझा एक जुना विद्यार्थी काकाच्या पिठाच्या गिरणीत आहे. त्याला वजनाचे आकडे वाचता येत नाहीत, ते काका बघतो. पण पीठ चिमटीत धरून जाडे की बारीक हे तो अचूक सांगतो, आणि गावातल्या बायका त्याच्याशी भांडतातसुद्धा! भांडण होते म्हणजे तो गिरणीवाला आहे, हे मला मोठे सुख वाटते.

घरच नसलेल्यांचे काय? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, अपंग मुलांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. त्यांच्या 123 लेकरांचा हा संसार. माळरानावर या मुलांनी झाडे लावली, जगवली. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर काढण्याच्या नियमाविरुद्ध बाबा वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. अशा मुलांना तिथेच आयुष्यभर राहू द्यावे, ही त्यांची मागणी. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांची मानसकन्या माला राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. माला अंध आहे, तिची अडचण आमच्या मुलांपेक्षा वेगळी. मात्र अठरा झाल्यावरही परतायला तिला एक घर होते, ही गोष्ट मला तिच्या यशाइतकीच मोलाची वाटते.

ज्यांना घर आहे, त्यांच्यापुढे सात-बाराचा प्रश्न असतो. भावांच्या वाटणीत या मुलाचे नाव गळते, किंवा कशावर तरी त्याचा अंगठा घेतला जातो. पुष्कळांना ठाऊक नसते, की मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती ते काम पाहते. हा अर्ज आईवडील दोघेही धडधाकट असतानाच करावा आणि भावाबहिणींना शेजारी बसवून करावा, म्हणजे कोणाच्या मनात काय आहे तेही तेव्हाच कळते. जळगाव जामोद किंवा सिंदखेडराजाहून बुलडाण्याची एकेक खेप म्हणजे दिवस मोडतो. तेव्हा पेरणीच्या धांदलीत न पडता उन्हाळ्यातच हे उरकून घेतलेले बरे, आणि जाताना मुलालाही बरोबर न्यावे. तिकीट त्यालाच काढू द्यावे.